तळटीप : डंकन फाइफ आणि आपले सुतार

डंकन फाइफ (मृत्यू १८५४) : स्कॉटलंडात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेला फर्निचर कारागीर. आपल्या नावाची चिठ्ठी त्याने मोजक्याच वस्तूंवर डकवली. तरी अभ्यासकांनी घडणीवरून त्याचे काम हुडकले आणि १९२२ मध्ये तिथल्या मेट्रोपोलिटन म्युझियमने त्याच्या कार्यशाळेतल्या फर्निचरचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

आपल्या सुतारांना हे भाग्य लाभले नाही. वारज्याच्या शेजारी, कोथरूडला, मस्तानीचा महाल होता. त्याचे लाकूडकाम आज पाहायला मिळते, याचे श्रेय कवी ‘अज्ञातवासी’, म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर, यांचे. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा केळकर संग्रहालयात (१९७५ पासून शासनाकडे) त्या अवशेषांतून दालन उभे केले आहे. पेशवाई घडणीचा सुरूदार खांब एकदा जवळून पाहावा : तळाशी कलशासारखा फुगीर, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर महिरप आणि तिच्यातून खाली झुकलेले केळफूल. इतक्या नेमक्या हाताची ही कामे, पण वाड्याच्या मालकाचे नाव सगळे सांगतात, सुताराचे सहसा कोणी सांगत नाही. संपादकाच्या मते हा आपल्या इतिहासलेखनातला मोठा उणेपणा आहे.

वारजे, कोथरूडच्या गावठाणांत जुने घर पाडायची वेळ आली, तर वाचकांनी चौकट, खांब, तुळया भंगारात घालण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून सुताराचे नाव-गाव लिहून ठेवावे.