आधी दवाखाना मुलीला पैसे द्यायचा, आता मुलगी कॉलेजला देते

बारावीचा निकाल लागला की नर्सिंग कॉलेजांच्या जाहिराती एसटी स्टँडवर आणि रिक्षांच्या पाठीवर दिसायला लागतात. शंभर टक्के नोकरी, परदेशात संधी, थेट प्रवेश. मग लोक मेसेज करून विचारतात, या कॉलेजात घालू की त्या, तिथली फी दीडपट आहे पण इमारत चांगली आहे. मी काही प्रवेश सल्लागार नाही. पण ही फी आली कुठून, याचा इतिहास मला बऱ्यापैकी माहीत आहे आणि तो कळला की दोन कॉलेजांत काय बघायचं हे निम्मं आपोआप कळतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. क्रिमियन युद्धाच्या काळात तिथल्या लोकांनी फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावानं निधी गोळा केला, सुमारे ४४ हजार पौंड. त्यातून १८६० साली सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा निघाली. तिथं शिकायला येणाऱ्या मुलीला राहणं, जेवण, गणवेश मिळायचा आणि वर वर्षाला १० पौंड हातात. बदल्यात तिनं वॉर्डात राबायचं आणि पुढची काही वर्षं सांगतील त्या इस्पितळात नोकरी करायची. म्हणजे बाँड ही गोष्ट काही आपल्याकडच्या संस्थाचालकांनी शोधलेली नाही. ती पहिल्या दिवसापासूनची आहे. फरक एवढाच की तेव्हा पैसा हॉस्पिटलकडून मुलीकडे जात होता.

हीच पद्धत इंग्रजांबरोबर मुंबईत आली. नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत १८९१ साली मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून येतं. आडनाव नाही, छायाचित्र नाही, एवढंच. त्या काळात परक्या माणसाचा मलमूत्र काढणं हे काम कुठल्या जातीचं मानलं जायचं हे मी सांगायला नको. त्यामुळे वरच्या जातींच्या मुली यात येणं अशक्यच होतं. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलसारख्या मिशनच्या दवाखान्यांत बहुतेक ख्रिस्ती मुली शिकल्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि पुढं तिथल्या विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा पुण्यात काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी विधवांना परपुरुषांची शुश्रूषा करायला पाठवते! पण रमाबाईंचा हिशोब साधा होता. ज्या बाईला माहेर नाही आणि सासर विचारत नाही, तिला शिकताना पोटाला मिळालं पाहिजे आणि शिकून झाल्यावर कुणापुढं हात पसरावा लागू नये. शिकवण्यासाठी तिच्याकडून पैसे घ्यायचे हा विचार त्या हिशोबात बसणाराच नव्हता. तिच्याकडे पैसे असते तर ती तिथं आलीच कशाला असती?

मात्र त्या जुन्या काळाला सोनेरी मुलामा देण्याची माझी इच्छा नाही. ते शिक्षण फुकट नव्हतंच. फी रोख न घेता अंगमेहनतीनं वसूल व्हायची. रात्रपाळ्या, फरशा, बेडपॅन, आणि वेळ उरला तर तास. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानं हेच उघड केलं की हॉस्पिटलं शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मनुष्यबळ वापरतायत. आपल्याकडे १९४६ साली भोर समितीनं हिशोब मांडला तेव्हा एवढ्या मोठ्या देशात साधारण ७ हजार नर्स होत्या. ४३ हजार लोकांमागे एक. समितीचं लक्ष्य होतं ३०० लोकांमागे एक. मुली या पेशात का येत नाहीत हे समितीलाही दिसत होतं. काम जास्त, राहण्याची सोय वाईट, मान शून्य.

स्वातंत्र्याच्या आसपास चित्र थोडं बदललं. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, १९४७ साली नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, १९६४ साली एसएनडीटीनं मुंबईत कॉलेज काढलं. पण पदवीवाल्या मोजक्याच. खरा कणा सरकारी, महापालिकेच्या आणि मिशनच्या हॉस्पिटलांना जोडलेल्या डिप्लोमाच्या शाळांचा. हॉस्टेल, थोडं विद्यावेतन, आणि शेवटी बहुधा त्याच ठिकाणी नोकरी. आज साठी ओलांडलेल्या एखाद्या सिस्टरना विचारा. धाकट्या भावाला त्या विद्यावेतनातून मनीऑर्डर केल्याचं सांगणाऱ्या भेटतात.

मग १९८३. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. आपली मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जातात, तो पैसा इथंच राहू दे, असा तेव्हाचा युक्तिवाद. नर्सिंग त्या पहिल्या लाटेत नव्हतं, पण दार उघडलं ते उघडलं. १९८७ साली कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला, त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पुढं सुप्रीम कोर्टात खटल्यांची रांग लागली. २००२ चा टी.एम.ए. पै निकाल, मग २००५ चा पी.ए. इनामदार निकाल, आणि हे इनामदार आपल्या पुण्याचेच. सार असं की खासगी संस्थेला स्वतःची फी ठरवता येईल, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी चालणार नाही.

'वाजवी शिल्लक' या दोन शब्दांवर केवढ्या इमारती उभ्या राहिल्या! अमेरिकेत नफ्यासाठी चालणारं कॉलेज उघडपणे तसं नोंदलेलं असतं. आपल्याकडे ते ट्रस्ट किंवा सोसायटी असतं, नावापुढं बहुधा अध्यक्षांच्या वडिलांचं किंवा आईचं नाव. कागदावर नफा नाहीच. म्हणून 'हे कॉलेज धंदेवाईक आहे का' हा प्रश्न कागदपत्रांतून सुटत नाही. (उघड नोंदणी असली म्हणजे सगळं स्वच्छ असतं असंही नाही. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी साडेसात हजारांहून जास्त बोगस डिप्लोमे विकल्याचं प्रकरण २०२३ च्या जानेवारीत बाहेर आलं. तपासाचं नाव होतं 'ऑपरेशन नाइटिंगेल'. बिचारी फ्लोरेन्स.)

आणि याच काळात मागणी वाढली. आखात, इंग्लंड, अमेरिका. बेंगळुरू आणि मंगळुरूकडे नर्सिंग कॉलेजांचं पीक आलं, केरळच्या मुली कर्ज काढून तिथं शिकायला लागल्या. त्या कर्जाचं वजन सगळ्या देशाला २०१४ साली दिसलं. इराकमध्ये तिक्रितच्या हॉस्पिटलात अडकलेल्या ४६ भारतीय नर्स जुलैमध्ये सुटून कोचीला आल्या. त्याआधी त्यांच्यातल्या काहीजणी परत यायला तयार नव्हत्या. बाहेर बॉम्ब फुटत होते, तरी. घरी शिक्षणाचं आणि एजंटचं कर्ज होतं आणि इथल्या पगारात ते फिटणार नव्हतं.

इथल्या पगाराचं काय? २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, केरळात खासगी हॉस्पिटलांतल्या नर्स रस्त्यावर आल्या. पगार हा एक मुद्दा, आणि बाँडच्या नावाखाली अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं हा दुसरा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१६ साली कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला महिना २० हजारांच्या खाली देऊ नये. शिफारस आहे. तुमच्या तालुक्यातल्या दवाखान्यात सिस्टरला किती मिळतात, विचारून बघा.

आता हिशोब करू. समजा चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, गणवेश, बस मिळून सहा लाख झाले. ११ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता दहा हजारांच्या वर जातो, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. पगार २० हजार धरला तरी निम्मा गेला. नाइटिंगेलच्या शाळेत जी मुलगी पैसे घेऊन शिकत होती, तिचीच खापरपणती पैसे देऊन शिकते, तिच्याइतकीच वॉर्डात राबते, आणि शेवटी बाँडही लिहून देते.

म्हणून मला विचाराल तर फीच्या आधी एकच गोष्ट बघा, हॉस्पिटल कुठंय. दीडशे वर्षं नर्सिंगची शाळा हॉस्पिटलच्या पोटात जन्माला यायची. हॉस्पिटलशिवाय नर्सिंग कॉलेज ही आपल्या काळाची निर्मिती आहे. कौन्सिलचा सर्वसाधारण नियम आहे की संस्थेचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल हवं, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. मध्य प्रदेशात हायकोर्टानं सीबीआयला तीनशेवर कॉलेजं तपासायला लावली, तर कित्येक ठिकाणी निकषच पाळलेले नव्हते. आणि २०२४ च्या मे महिन्यात तपास करणाऱ्या सीबीआयच्याच अधिकाऱ्यांना लाच घेतल्याबद्दल अटक झाली! तेव्हा तपासणी अहवालावर विसंबू नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी दहाला त्या हॉस्पिटलात स्वतः जा. ओपीडीत रांग आहे का? प्रसूती विभागात बाळंतिणी आहेत का? खाटांवर माणसं आहेत की नुसत्या इस्त्रीच्या चादरी? शेवटच्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, किती बाळंतपणं स्वतः हातानं केलीस. ती उत्तर देताना मॅडमकडे बघायला लागली तर समजून जा.

फी किती मंजूर आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाकडे बघता येतं, २०१५ च्या कायद्यानं ती सोय झालीय. कॉलेज सांगतंय तो आकडा आणि मंजूर आकडा शेजारी ठेवा, फरक कशाचा ते लेखी मागा. मूळ कागदपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

आणि ते 'थेट प्रवेश' प्रकरण. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पण ती मिळते केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलीला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्या मुलीला नाही. एखादा एजंट घरी येऊन 'ताई, सीईटीच्या भानगडीत कशाला पडता, मी सीट करून देतो' म्हणाला, तर तो नेमकं काय घालवतोय हे त्याला विचारा.