फाटक-वालचंद : एका भागीदारीचे स्मरण

सोलापूरच्या जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांचे अध्वर्यू म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यांच्या कर्तृत्वाचा पाया बांधकामाच्या धंद्यात घातला गेला. त्या वेळी त्यांच्या शेजारी लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून उभे होते, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

वालचंदांच्या घरी सावकारी व कापसाचा व्यापार होता. त्यात त्यांचे मन रमले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी फाटकांशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे मार्गाचे काम घेतले. अडीच फूट रुंदीच्या रुळांची ही छोटी रेल्वे होती. तरीही काम जोखमीचेच. कंत्राटदाराला मजुरांची मजुरी वेळच्या वेळी चुकती करावी लागते. बिल मात्र काम मोजून, तपासून, मंजूर झाल्यावरच हाती पडते. मधला काळ निभावण्यास पत हवी आणि मोजमापाचा कागदही बिनचूक हवा. सावकारी घराण्यातील तरुणाजवळ पत व धाडस होते. रेल्वेच्या कचेरीची रीत माजी कारकुनास ठाऊक होती. या दोहोंच्या मेळातून धंदा उभा राहिला.

या पेढीचे नावच बोलके होते : ‘फाटक-वालचंद’. भांडवलदार घराण्यातील भागीदाराचे नाव दुसरे आणि कारकुनाचे पहिले! पुढे १९२० मध्ये ही पेढी टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीन झाली. १९२६ मध्ये वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गावर गाडीची दिशा उलटवावी लागत असे. नव्या बोगद्यांमुळे १९२९ मध्ये ती अडचण दूर झाली. या बोगद्यांच्या कामाशी वालचंदांचे नाव कायमचे जोडलेले आहे.

८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे देहावसान झाले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आजही त्यांचे नाव सांगते. फाटकांच्या नावाचे नगर मात्र वसले नाही. कोनशिलेवर एकाचेच नाव मावते. इतिहास लिहिताना मात्र जागेची अशी अडचण नसते. म्हणूनच वालचंदांचा गौरव करताना त्यांच्या या पहिल्या सहकाऱ्याचेही कृतज्ञ स्मरण करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य ठरते.