मुंबईची जमीन आणि १८६५ ची मंदी

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचें मोल आलें. शहरांत माणसांची रीघ लागली, घरभाडीं चढलीं. पैसा जमिनीकडे वळला. तीहि अजून समुद्राखालची! बॅकबे भरून काढूं पाहणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर कित्येक पट किंमतीस खपला. खरा घात पेढ्यांनीं केला: असले शेअर तारण घेऊन त्यांनीं कर्जें दिलीं. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला. १ जुलैला वायदे पुरे करावयाचे, तों देणेकरी नादार. तारणाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. बँक ऑफ बॉम्बेनें १८६८ सालीं गाशा गुंडाळला. खानेसुमारींत १८६४ सालीं ८,१६,५६२ माणसें भरलीं होतीं, १८७२ सालीं ६,४४,४०५. ज्यांच्या भरंवशावर जागेचे भाव चढले, त्यांतले पुष्कळ भाडेकरीच निघून गेले होते.