पाणबुडीच्या सेनानीचा पोशाख : एका साधनाची परीक्षा

नाशकांतील एका संग्राहक मित्रांनीं गेल्या हिवाळ्यांत एक आरमारी कोट आमच्यापुढें आणून ठेवला. दुसऱ्या महायुद्धांत पराक्रम गाजविलेल्या एका इंग्रज पाणबुडीच्या सेनानीचा म्हणून तो त्यांना विकण्यांत आला होता. गडद निळें कापड, बाहीवर जरीच्या तीन पट्ट्या, छातीवर पदकांच्या फितींची ओळ व तिच्यावर दोन सोनेरी डॉल्फिन. त्यासाठीं त्यांनीं वडिलोपार्जित पोथ्यांचें एक बासन विकलें होतें, म्हणून परीक्षा मन घट्ट करूनच करावी लागली.

पोथी हातीं आली कीं आपण आधीं पुष्पिका पाहतों. कोटाची पुष्पिका आंतल्या खिशांत असते. तेथें शिंपी आपल्या नांवाची चिठ्ठी शिवतो आणि तींत गिऱ्हाइकाचें नांव व तारीख शाईनें लिहितो. या कोटांत गीव्हज या प्रसिद्ध आरमारी शिंप्यांची चिठ्ठी होती. ही पेढी १९७४ मध्यें हॉक्स यांच्या पेढीशीं जोडली गेली. चिठ्ठीवर केवळ गीव्हज इतकेंच नांव असल्यामुळें कोट त्यापूर्वीचा ठरतो. परंतु गिऱ्हाइकाच्या नांवाची ओळ कोणी खरवडून टाकलेली. येथेंच आमच्या मनांत पाल चुकचुकली.

आतां डॉल्फिनांकडे वळूं. इंग्रजी आरमारांत पाणबुडीच्या लोकांस छातीवर ही खूण १९७२ च्या सुमारास मिळूं लागली. अमेरिकेंत ती १९२४ पासून आहे, जर्मनांची स्वतंत्र खूण १९३९ त पुन्हा सुरू झाली. पण महायुद्धांतील इंग्रज सेनानीच्या छातीवर ती असणें शक्य नाहीं. तिचा दोराही फितींच्या दोऱ्याहून निराळा व कोरा आहे. अर्थात् हा प्रक्षेप होय. फितींवरून नांव लागेल असें मित्रांस वाटत होतें, पण फितीवर नांव नसतें. खुद्द पदकें मिळालीं असतीं तरी इंग्रजांस दिलेले महायुद्धाचे तारे बिननांवाचे असत. हिंदी सैनिकांस दिलेल्या ताऱ्यांवर मात्र नांव ठोकलेलें सांपडतें. ही गोष्ट आपल्या संग्राहकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. दरबारी पोशाख म्हणून जो शब्द विक्रेत्यानें वापरला तोही फोल आहे. टोपी व झुबकेदार खांदेपट्ट्यांचा पूर्ण दरबारी थाट १९३९ मध्येंच तहकूब झाला होता. हा युद्धकाळाचा असेल तर रोजच्या नोकरीचा कोट आहे.

पोशाखाला अधिकाराचें मोल असणें आपल्या इतिहासास नवें नाहीं. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तेव्हां वस्त्रें मिळणें म्हणजेच पद मिळणें होतें. पुढच्या वर्षीं कान्होजी आंग्रे शाहूच्या पक्षास मिळाला आणि त्याची सरखेली कायम झाली. तीं वस्त्रें जामदारखान्याच्या हिशोबांत शोधावयाचीं; कापड टिकत नाहीं, कागद टिकतो.

आपल्या आरमाराची पाणबुडी-शाखा १९६७ त ‘कलवरी’पासून सुरू झाली. पुढें आलेल्या ‘खांदेरी’चें नांव वाचून १६७९ चा खांदेरीचा प्रसंग कोणा महाराष्ट्रीयास आठवणार नाहीं ? १९६९ त दाखल झालेल्या ‘करंज’चे १९७१ च्या युद्धांतील सेनानी कमांडर विजयसिंह शेखावत यांस वीरचक्र मिळालें, ते १९९३ ते १९९६ नौदलप्रमुख होते, आणि १० मार्च १९२१ नव्हे, २०२१ रोजीं (आमच्या लेखणीस जुन्या शतकाची संवय आहे) मुंबईस नवी ‘करंज’ दाखल झाली त्या समारंभासही तेच प्रमुख पाहुणे होते. अशा अधिकाऱ्याचा कोट उद्यां कोणाच्या हातीं आला तर काय पाहावें ? वीरचक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते. तिच्या शेजारीं १९७२ च्या स्वातंत्र्य-रौप्यमहोत्सवाच्या पदकाची फीत असेल, तर तो पोशाख खरा असूनही १९७१ च्या डिसेंबरांत त्या रूपांत अंगावर नव्हता. बढतीबरोबर बाहीवरच्या पट्ट्या बदलतात. जुन्या टांक्यांचीं भोंकें भिंगाखालीं दिसतात, जशीं पुसून पुन्हा लिहिलेल्या पानावर जुनीं अक्षरें दिसतात. गुंड्यांवर भिस्त ठेवूं नये. पांढऱ्या पोशाखाच्या गुंड्या धुण्यासाठीं काढतां येतात, आणि १९५० नंतर मुकुट जाऊन त्यांवर अशोकाचे सिंह आले म्हणून जुन्या कोटास नव्या गुंड्या व नव्यास जुन्या लागलेल्या आढळतात.

मित्रांचा कोट असा निघाला : कापड जुनें, हुद्दा कमांडरचा, पाणबुडीचा संबंध असिद्ध, धनी अज्ञात. डॉल्फिन उसवून टाकावे असें ते म्हणाले. आम्हीं तें करूं दिलें नाहीं. प्रक्षेपही पाठाचा इतिहास सांगतो. छायाचित्र घेऊन, दोऱ्याचा रंग व टांक्यांची संख्या टिपून कोट डांबराच्या गोळ्यांशेजारीं न ठेवतां सुती कापडांत गुंडाळावा, जर घांसूं नये, एवढेंच सांगितलें.

पोथ्यांचें बासन ज्यांनीं घेतलें ते गृहस्थ नाशकांतच राहतात. त्यांनीं ते परत देण्याचें नाकारलें, परंतु यादी करूं दिली. सतरा पोथ्या आहेत. पुष्पिका चारांसच आहेत, आणि त्यांपैकीं एकींत लेखकाच्या नांवाची ओळ खरवडलेली आहे.