चर्चचे तिकीट आधी काढावे काय? उत्तर अजिंठ्याच्या भिंतीवर

१/
परदेशी निघालेला प्रवासी हमखास विचारतो : तेथील प्रसिद्ध चर्च पाहण्यासाठी तिकीट आधीच काढून ठेवावे काय? प्रश्न व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर इतिहासात दडले आहे, आणि ते समजून घेण्यास छत्रपती संभाजीनगरचा परिसर पुरेसा आहे.

२/
बीबी का मकबरा ही दिलरस बानू बेगमची कबर. तेथे तिकीट लागते. तिचा पती औरंगजेब खुलताबादेत चिरनिद्रा घेत आहे. तेथे तिकीट लागत नाही. दोन्ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्याच संरक्षणाखाली. मग हा भेद कशासाठी?

३/
औरंगजेबाची कबर शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तेथील उपासना आजही खंडित झालेली नाही. संरक्षित वास्तू उपासनास्थान असेल, तर तिच्या स्वरूपाशी विसंगत असा तिचा वापर होऊ नये, असे १९५८ च्या स्मारक कायद्याचे कलम १६ सांगते. भाविकाकडून दारात पैसे घेणे या भूमिकेशी जुळत नाही.

४/
जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चही असेच. १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तेथे आहेत. वास्तू संरक्षित आहे, जागतिक वारसा यादीत आहे, पण प्रार्थना चालू असल्याने प्रवेश मुक्त. सुमारे दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाच्या काळात (अलीकडचे २०२४-२५ मध्ये झाले) आधी ठरवावी लागते ती मुक्कामाची सोय.

५/
पॅरिसच्या नोत्र दामची रीतही हीच. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. प्रवेश विनामूल्य, आधी वेळ नोंदविणे ऐच्छिक. उलट, बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचे बांधकाम १८८२ पासून चालू आहे आणि आज त्याचा खर्च मुख्यत्वे तिकिटांतून निघतो. तेथे तिकीट आधीच काढणे शहाणपणाचे.

६/
तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. मिलानमध्ये सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चलगतच्या भोजनगृहात लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ आहे. तेथे लहान गटांना अवघी पंधरा मिनिटे मिळतात. आधी नोंदणी नसेल, तर परत फिरण्याची वेळ येते. कारण पैसा नव्हे, श्वास! माणसांसोबत येणारी आर्द्रता आणि धूळ चित्राचा घात करते.

७/
येथे अजिंठा आठवावा. लिओनार्दोने ओल्या गिलाव्याऐवजी कोरड्या भिंतीवर रंग दिला, म्हणून त्याचे चित्र लवकर झडू लागले. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही माती व वनस्पतितंतूंच्या कोरड्या लेपावरच रंगकाम केले. दोन संस्कृतींतील ही चित्रे एकाच कारणाने नाजूक आहेत.

८/
प्रती आहेतच की, असे कोणी म्हणेल. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या कित्येक प्रती १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरली ती मूळ भिंत, आणि तिच्यासमोर उभे राहणारे आपण.

९/
तात्पर्य : जेथे प्रार्थना चालते, तेथे तिकिटाऐवजी प्रार्थनेच्या वेळा पाहाव्यात. जेथे केवळ स्मारक आहे, तेथे दारावरचे तिकीट बहुधा पुरते. मात्र सुटीचा वार तपासावा. अजिंठा सोमवारी बंद असते, वेरूळ मंगळवारी. आणि जेथे चित्र श्वासानेही झिजते, तेथे नोंदणी आधीच करावी. तेथील मर्यादा जाचक वाटली, तरी तिच्यामुळेच पुढच्या पिढीला पाहण्यासाठी काही उरणार आहे.