काकांचा आठ-अ

परवा ऑफिसात एक रिपोर्ट चाळीस सेकंद घेत होता. एक्स्प्लेन लावून पाहिलं तर कारण नेहमीचंच. दोन टेबलं, मध्ये जॉइन, आणि ज्या कॉलमवर जॉइन त्यावर इंडेक्सच नाही. म्हणजे पहिल्या टेबलातल्या एकेका ओळीसाठी दुसरं टेबल वरपासून खालपर्यंत चाळायचं. इंडेक्स टाकला, काम पाव सेकंदावर आलं, आणि मला एकदम मंगरूळपीरकडचे काका आठवले.

पीककर्जाच्या कागदांसाठी मी त्यांना एकदा आठवतील तेवढ्या गटांचे सातबारे काढून दिले होते. ते बघून म्हणाले, "अरे बापू, पयले आठ-अ काढ. त्याच्यात समदं हाय."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाव नमुना ७ म्हणजे जमीन कोणाची, नमुना १२ म्हणजे तिच्यात पीक काय. दोन्ही जमिनीच्या क्रमांकावर जोडले की झाला सातबारा. म्हणजे आपण ज्याला जॉइन म्हणतो तो छापील कागदावरच हातात मिळतो. सातबारे लागतात क्रमांकाने, त्यामुळे "गट १४५ कोणाचा?" याचं उत्तर झटक्यात. पण "काकांची गावात एकूण जमीन किती?" असं विचारलं की सगळं दप्तर चाळणं आलं. त्यासाठी आठ-अ. खातेदाराच्या नावावर किती क्रमांक, प्रत्येकाचं क्षेत्र किती, आकार किती, सगळं खात्यानुसार एकत्र. डेटा तोच, फक्त दुसऱ्या बाजूने लावलेला. आपल्या भाषेत दुसरा इंडेक्स!

या सगळ्याची मुळं जुनी आहेत. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे आला आणि १८६० च्या दशकात इथे मुंबई पद्धतीने मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला क्रमांक, हद्दीला खुणा. वाशिम एकेकाळी स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला तरी शेत शोधायची चावी तीच, गाव आणि क्रमांक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, आणि हक्कनोंदींचे नियम १९७१ चे. गंमत बघा, आयबीएममधल्या एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा पेपर १९७० चा, आणि बोइंगमध्ये बायर आणि मॅक्क्राइट यांनी बी-ट्री मांडला तोही त्याच वर्षी. आमच्या पटवाऱ्याला (वऱ्हाडात तलाठी म्हणणारे कमीच) या तिघांपैकी कोणाचाच पत्ता नव्हता.

बी-ट्रीचा हिशेब मात्र पटवाऱ्यालाही आवडला असता. एका पानावर शंभर नोंदी मावत असतील तर तीन पानं उलटून दहा लाखांतली एक सापडते.

पण इंडेक्स फुकट नसतो. मूळ नोंद बदलली की तोही बदलावा लागतो. जमिनीत हा बदल फेरफारातून होतो. नमुना ६ मध्ये नोंद, नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. त्यानंतर नमुना ७ वर जुनं नाव कंसात जातं, नवं चढतं, शेजारी फेरफाराचा नंबर. आणि आठ-अ? तोही बदलायचा. डेटाबेस हे स्वतःच करतो, हाताने लिहिताना ते माणसावर असतं.

आजोबा गेले तेव्हा आमच्याकडे नेमकं हेच झालं. सातबारावर वारस म्हणून काकांचं नाव लागलं, आठ-अ वर आजोबाच राहिले. बँकेत दोन्ही कागद मागतात. जुळेनात. काकांनी खेटे घातले, तोवर मृग लागला. त्या साली सोयाबीनचं बियाणं सावकाराच्या पैशातून आलं. चाळीस सेकंदांवर वैतागलेल्या मला हे आठवलं की जरा ओशाळायला होतं.

दुसरा घोळ जॉइन कशावर करायचा याचा. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या याद्या एकमेकींशी जुळवाव्या लागल्या, आणि त्यात बरंच अडलं. आता नावावर जुळवायचं तर एकीकडे विठ्ठल, दुसरीकडे विठ्ठलराव, तिसरीकडे व्ही. के. इंडेक्स कितीही चांगला असला तरी अशा कॉलमवर काय चालणार? २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत कर्जखातं आधारशी जोडलेलं लागत होतं.

महाभूलेखवर आता अमरावती विभाग, वाशिम, मग तालुका, मग गाव निवडत जायचं. चक्क कंपोझिट इंडेक्स, क्रम चुकवून चालत नाही :-) गावानंतर गट नंबर टाका नाहीतर नाव. काका नाव टाकूच देत नाहीत. खुर्चीतूनच गट नंबर सांगतात, पाचही, तोंडपाठ.