एजवेअरमधील रहिवासी पार्किंग परवाने : कायदा, व्यवहार आणि बार्नेटचा निकाल

लंडनच्या वायव्य कडेला वसलेल्या एजवेअरमध्ये रस्त्यावर गाडी उभी करण्याचा प्रश्न रेल्वेने निर्माण केला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. आज नॉर्दर्न लाइन या नावाने ओळखला जाणारा मार्ग १८ ऑगस्ट १९२४ रोजी येथे पोहोचला आणि शेतमळ्यांच्या या गावाचे पाहता पाहता उपनगर झाले. हा मार्ग पुढे बुशी हीथपर्यंत नेण्याची योजना १९३० च्या दशकात आखली गेली होती. दुसऱ्या महायुद्धात काम थांबले आणि युद्धानंतर योजनाच सोडून देण्यात आली, त्यामुळे एजवेअर हे शेवटचे स्थानक राहिले ते कायमचेच. शेवटच्या स्थानकाचे म्हणून एक दुखणे असते. पलीकडच्या हर्टफर्डशरमधील नोकरदार गाडीने येथवर येतो, स्थानकाजवळच्या एखाद्या गल्लीत सकाळीच गाडी लावतो आणि संध्याकाळी उशिरा ती घेऊन जातो. त्या गल्लीतील रहिवाशाच्या दारासमोर दिवसभर परक्याची गाडी उभी राहते. नियंत्रित पार्किंग क्षेत्र आणि त्यातील रहिवासी परवाना ही या दुखण्यावर काढलेली तोड होय.

लंडनच्या बाहेरच्या भागांत अशा क्षेत्रांचे निर्बंध कित्येकदा दिवसातून एखाद-दुसऱ्या तासापुरतेच असतात. नवख्याला हे विचित्र वाटते. परंतु दुपारी केवळ एक तास परवान्याविना उभे राहण्यास मनाई असली, तरी दिवसभर गाडी सोडून जाणाऱ्याचा बेत फसतो. दूधपावासाठी दहा मिनिटे थांबणाऱ्याला मात्र उरलेला दिवस मोकळा राहतो. प्रत्येक क्षेत्राचे तास वेगळे असल्यामुळे शेजारच्या गल्लीवरून अंदाज बांधणे धोक्याचे. क्षेत्राच्या प्रवेशाशी लावलेल्या फलकावर जे तास असतात तेच आतील एकेरी पिवळ्या रेघांना लागू होतात, मग त्या रेघेपाशी निराळी पाटी असो वा नसो. दुहेरी पिवळ्या रेघेवर कोणत्याही वेळी उभे राहता येत नाही. आणखी एक गोष्ट भारतातून नव्याने आलेल्यांना ठाऊक नसते. पदपथावर चाके चढवून गाडी उभी करणे लंडनभर १९७४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, त्यासाठी जागोजागी फलक लावण्याची गरज नाही. फलक असतो तो जेथे तशी सूट दिलेली आहे तेथे.

एजवेअरचा पत्ता सांगणाऱ्याने आधी आपले कौन्सिल कोणते याची खात्री करावी. रोमन काळातील वॉटलिंग स्ट्रीटवरून जाणारा ए-५ हा रस्ता येथे बरोंची सीमा आहे. पूर्वेस बार्नेट, पश्चिमेस हॅरो. एचए-८ हा टपाल विभाग मात्र दोन्हीकडे पसरलेला आहे. त्यामुळे ‘एजवेअर, एचए-८’ एवढ्या पत्त्यावरून परवाना कोणाकडे मागायचा हे ठरत नाही. स्थानक आणि ब्रॉडवॉक सेंटर बार्नेटमध्ये येतात. कॅनन्स पार्ककडच्या घराला हॅरोचा परवाना लागतो आणि तो रस्त्यापलीकडे, स्थानकाच्या बाजूला, चालत नाही. जवळून जाणारा ए-४१ हा महामार्ग तर दोन्ही कौन्सिलांच्या अखत्यारीबाहेर आहे. तो ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या ताब्यातील रस्त्यांपैकी असल्याने तेथील दंडाची नोटीस तिसऱ्याच ठिकाणाहून येते.

परवाना म्हणजे जागेची हमी नव्हे, हेही येथेच सांगणे बरे. परवानाधारकाला क्षेत्रातील रिकाम्या जागेत उभे राहण्याची मुभा मिळते, एवढेच. दारासमोरची जागा आपली, ही भावना पुण्यापासून एजवेअरपर्यंत सगळीकडे सारखीच आढळते. कायदा तिची दखल घेत नाही.

मग या मुभेचे पैसे किती घ्यावेत, आणि कशासाठी? या प्रश्नावर इंग्लंडमध्ये सर्वाधिक उद्धृत होणारा अलीकडचा निकाल याच बार्नेट बरोतून आला आहे.

२०११ मध्ये बार्नेट कौन्सिलने रहिवाशाच्या पहिल्या गाडीचा वार्षिक परवाना ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेला आणि पाहुण्यांसाठीचे व्हाउचर १ पौंडावरून ४ पौंडांवर. दुसरी वाढ अधिक बोचणारी होती. घरी पूजा असली आणि दहा गाड्या आल्या, तर ज्या व्हाउचरांना दहा पौंड पडत त्यांना चाळीस पडू लागले; वृद्धांच्या देखभालीसाठी येणाऱ्या नातेवाइकांचा प्रश्न तर रोजचाच. वाढीमागचे कारण कौन्सिलच्या अर्थसंकल्पात होते. पार्किंगमधून शिल्लक उभी करायची आणि ती रस्त्यांची देखभाल, प्रवास सवलती अशा वाहतुकीशी निगडित इतर खर्चांकडे वळवायची, असा विचार होता. डेव्हिड अ‍ॅटफिल्ड या रहिवाशाने या वाढीला उच्च न्यायालयात आव्हान दिले. २२ जुलै २०१३ रोजी न्यायमूर्ती लँग यांनी वाढ बेकायदा ठरवली.

निकालाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. परवान्याचे शुल्क आकारण्याचा अधिकार कौन्सिलला १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमातून मिळतो. अधिकार कोणत्या हेतूने वापरावा हे १२२ वे कलम सांगते: वाहतूक सुरळीत, सोयीची आणि सुरक्षित राहावी, तसेच रस्त्यावर व रस्त्याबाहेर गाड्या उभ्या करण्याची पुरेशी सोय व्हावी. पार्किंगच्या हिशेबात शिल्लक उरलीच तर ती कोठे खर्च करता येईल याची यादी ५५ व्या कलमात आहे. कौन्सिलचा युक्तिवाद या ५५ व्या कलमावर उभा होता. शिल्लक खर्च करण्याची परवानगी संसदेने दिली असेल, तर ती मिळवण्याचीही दिलीच असणार, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाला ते पटले नाही. उरलेल्या पैशाचे काय करावे हे सांगणारे कलम पैसा उरवण्याचा अधिकार देत नाही, आणि हा कायदा महसूल गोळा करण्यासाठी केलेला नाही. नागरिकांकडून कररूपाने पैसा घ्यायचा तर संसदेने तसे स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे, हे इंग्लिश कायद्याचे जुने सूत्र त्यामागे आहे. हाच विचार १९९५ मध्ये प्रिमरोझ हिलमधील पार्किंग क्षेत्रावरून झालेल्या कॅमडेन कौन्सिलविरुद्धच्या खटल्यातही आला होता. बार्नेटने तो थेट खिशाशी आणून भिडवला.

या निकालाचा अर्थ कित्येकदा ताणला जातो. पार्किंगमधून शिल्लक उरणेच बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. मागणी काबूत ठेवण्यासाठी, म्हणजे गाड्यांची संख्या कमी व्हावी किंवा जागा लवकर रिकाम्या व्हाव्यात म्हणून, दर वाढवला आणि त्यातून शिल्लक पडली तर ते चालते. शिल्लक हाच हेतू असेल तर नाही. या फरकामुळेच आजचे दर वेगळ्या भाषेत मांडले जातात. बार्नेटमध्ये परवान्याची किंमत आता गाडीच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनानुसार ठरते. हवेच्या गुणवत्तेचा विचार करण्यास १२२ व्या कलमात जागा आहे. माझ्या मते ही मांडणी कायद्याच्या दृष्टीने भक्कम आहे, तरीही दरवर्षीच्या दरवाढीच्या प्रस्तावाला जोडलेले कारण वाचण्याची सवय रहिवाशाने ठेवावी. ‘अर्थसंकल्पातील तूट’ हे शब्द त्यात दिसले तर २०१३ चा निकाल हाताशी आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही चर्चा काहीशी परक्या प्रांतातली वाटेल. पुण्यात पी-१ आणि पी-२ च्या पाट्या सम-विषम तारखांनी रस्त्याची बाजू बदलतात. रहिवाशाला वेगळा हक्क नाही. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले तेव्हा मोठा विरोध झाला, आणि शुल्काचा अधिकार कोठून येतो यापेक्षा शुल्क असावेच का, यावरच तो केंद्रित होता.

नवे क्षेत्र आखताना किंवा जुन्याचे तास बदलताना कौन्सिल प्रथम रहिवाशांचे मत अजमावते. ही पायरी अनौपचारिक असते. खरी कायदेशीर पायरी पुढची. प्रस्तावित वाहतूक आदेशाची जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी किमान २१ दिवस मिळतात. सूचना विजेच्या खांबाला बांधलेल्या कागदावर असते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हरकत लेखी असावी आणि तिचे कारण द्यावे. आदेश निघाल्यानंतर त्याच्या वैधतेला आव्हान द्यायचे तर उच्च न्यायालयात सहा आठवड्यांच्या आत जावे लागते. प्रायोगिक आदेशाचा मार्ग निराळा. तो आधी लागू होतो, पहिल्या सहा महिन्यांत हरकती घेतल्या जातात आणि अठरा महिन्यांपलीकडे तो टिकत नाही.

आता ज्यांना एजवेअरमध्ये घर घ्यायचे आहे त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०२१ च्या लंडन आराखड्यानुसार, सार्वजनिक वाहतुकीने चांगल्या जोडलेल्या ठिकाणी नव्या बांधकामाचा विचार गाडीविरहित घरांपासूनच सुरू करायचा असतो. स्थानकाला लागून असलेले ब्रॉडवॉक सेंटर आणि बसस्थानकाच्या जमिनीवर बॉलिमोर ही कंपनी व ट्रान्सपोर्ट फॉर लंडनची मालमत्ता कंपनी यांनी मांडलेल्या पुनर्विकासात तीन हजारांहून अधिक घरे आहेत. त्या मानाने गाड्यांच्या जागा थोड्या, आणि स्थानिकांच्या विरोधाचे ते एक ठळक कारण आहे. अशा इमारतींना परवानगी देताना बहुधा एक अट घातली जाते: येथील रहिवाशाला आसपासच्या क्षेत्राचा परवाना मिळणार नाही. ही अट विकासकाशी झालेल्या नियोजन करारात असते, सदनिकेच्या जाहिरातीत नव्हे. पत्ताच परवान्याच्या यादीतून वगळलेला असतो, म्हणून कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी अर्ज फेटाळला जातो. अपंगांसाठीच्या ब्लू बॅजधारकांना यातून सामान्यतः सूट मिळते.

विकत घेणाऱ्याला यातून वाचण्याचा मार्ग आहे. नियोजन करार स्थानिक भूमी-भार नोंदवहीत नोंदवला जातो, त्यामुळे वकिलाने केलेल्या शोधात तो सापडतो. सापडला की त्यातील पार्किंगचे कलम वाचून दाखवायला सांगावे. भाडेकरूसाठी असा शोध कोणी घेत नाही. त्याने भाडेकरारावर सही करण्यापूर्वी तो नेमका पत्ता, सदनिकेच्या क्रमांकासह, कौन्सिलकडे तपासून घ्यावा. ‘परवाना मिळून जाईल’ हे दलालाचे आश्वासन लेखी मागितले की त्याचा सूर बदलतो, असा अनेकांचा अनुभव आहे. मुंबईकराला येथे नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा दहिसरचा खटला आठवेल. इमारतीखालची स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. तेथे वाद सोसायटीच्या आवारातील जागेचा होता. येथे आवारात जागाच नसते आणि रस्त्याचे दारही आधीच बंद केलेले असते.

जुन्या एजवेअरमध्ये, म्हणजे दोन महायुद्धांमधल्या काळातील जोडघरांच्या गल्ल्यांत, चित्र वेगळे आहे. गॅरेज त्या काळच्या अरुंद गाड्यांच्या मापाचे, म्हणून आज त्यात सायकली आणि दिवाळीचे आकाशकंदील राहतात. पुढची बाग फरसबंद करून तेथे गाडी लावणे हा सोपा उपाय, परंतु त्यासाठी पदपथाची कड उतरवून घ्यावी लागते आणि तिला कौन्सिलची परवानगी लागते. शिवाय ऑक्टोबर २००८ पासून पुढच्या बागेत ५ चौरस मीटरहून अधिक भाग पाणी न जिरणाऱ्या फरशीने झाकायचा आणि पाणी रस्त्याकडे सोडायचे, तर नियोजन परवानगीही लागते. अशा प्रत्येक उतारामागे रस्त्यावरची एक सामाईक जागा जाते, हा शेजाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. दुसऱ्याच्या उतारासमोर गाडी लावल्यास निर्बंधाचे तास नसतानाही दंड होऊ शकतो.

दंडाची नोटीस आलीच तर चौदा दिवसांत भरल्यास रक्कम निम्मी होते. सशुल्क किंवा मुदतीच्या जागेत वेळ संपल्यावर दहा मिनिटांची सवलत २०१५ पासून कायद्याने आहे; पिवळ्या रेघेवर ती नाही. दंड मान्य नसेल तर प्रथम कौन्सिलला कळवावे. त्यांनी नाकारले तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाला औपचारिक नोटीस येते. तिला २८ दिवसांत उत्तर द्यायचे, आणि तेही फेटाळले गेल्यास पुढच्या २८ दिवसांत लंडन ट्रायब्युनल्सकडे अपील करायचे. अपिलाला शुल्क नाही. काहीच न केल्यास रक्कम दीडपट होते आणि प्रकरण वसुलीकडे जाते.

येथे एक नामसाधर्म्य घात करते. कौन्सिलचा दंड आणि सुपरमार्केटच्या किंवा इमारतीच्या खासगी आवारात लावलेले शुल्क, दोन्हींना ‘पीसीएन’च म्हणतात. पहिला कायद्याने आकारलेला दंड आहे. दुसरा म्हणजे फलकावरच्या अटी मोडल्याबद्दल खासगी कंपनीने केलेली कराराधारित मागणी. तिचे अपील लंडन ट्रायब्युनल्सकडे जात नाही, ती कंपनी ज्या व्यवसाय संघटनेची सदस्य असेल तिच्या यंत्रणेकडे जाते. खासगी जमिनीवर चाकाला कुलूप लावणे २०१२ पासून इंग्लंडमध्ये बंद आहे.

दोन्ही प्रकारांत पत्र जाते ते गाडीच्या नोंदणीतील पत्त्यावर. घर बदलल्यावर बँकेला आणि कचेरीला कळवले, पण गाडीच्या नोंदणीचा पत्ता हेंडन किंवा हाउन्सलोचाच राहिला, तर निम्म्या दंडाची आणि अपिलाची मुदत जुन्या घराच्या पायपुसण्यावर संपते. परवानाही आता बहुधा कागदाचा नसून थेट गाडीच्या क्रमांकाला जोडलेला असतो. म्हणून गाडी बदलली, दुरुस्तीच्या काळात दुसरी मिळाली किंवा भाड्याने आणली, तर त्याच दिवशी नवा क्रमांक कौन्सिलच्या खात्यात नोंदवावा. शून्य आणि ओ हे अक्षर यांत गल्लत झाली नाही ना, हेही पाहून घ्यावे.